जपून ठेवण्यासाठी पाडलेली नाणी

मामांच्या पश्चात माझ्याकडे दोन लाकडी पेट्या आणि एक बांधीव वही आली. एका पेटीत १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकनिमित्त पश्चिम जर्मनीने काढलेली दहा मार्कांची २४ चांदीची नाणी होती, आणि दुसरीत १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकसाठी कॅनडाने काढलेला २८ नाण्यांचा संच. वहीत प्रत्येक नाण्यासाठी एक ओळ होती : वजन, चांदीचे प्रमाण, घेतल्याची तारीख, मोजलेली रक्कम, आणि शेवटी ‘अपेक्षा’ असा मथळा असलेला एक रुंद रकाना. त्या रकान्यात मामा काही वर्षांनी एकदा पेन्सिलीने नवा आकडा लिहीत आणि जुना आडव्या रेघेने खोडत. काही नाण्यांपुढे असे पाच-सहा आकडे एकाखाली एक उभे आहेत, आणि ते सारखे चढतच गेले आहेत असे मुळीच नाही.

मी स्वतः गेली वीस वर्षे स्मारक नाण्यांचे संच घेत आले आहे. त्यातले काही निव्वळ आवडीपोटी घेतले आणि काही गुंतवणूक म्हणून; पण कोणता कशासाठी घेतला, हे आज मलाही प्रत्येक वेळी सांगता येत नाही. मामांची वही हाती आल्यावर तो ‘अपेक्षा’चा रकाना मी पुष्कळ दिवस वाचत राहिले. स्मारक नाण्याकडून अपेक्षा ठेवावी तरी कोणती, आणि ती कुठे फळते, कुठे फसते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यामागे लागला आहे.

नाणे जन्माला येते ते हातोहात फिरण्यासाठी. मराठीत माणूससुद्धा ‘नाणावतो’, तो अनेकांच्या पारखीतून गेल्यावर. स्मारक संचातले नाणे मात्र कधीच नाणावत नाही. ते टांकसाळीतून थेट मखमलीच्या खाचेत जाते आणि तिथेच राहावे, अशीच त्याला घेणाऱ्याची इच्छा असते. त्याच्यावर दर्शनी मूल्य असते, ते कायद्याने चलनही असते, पण त्याने बाजारात जाऊन कुणी काही विकत घेणार नाही, हे काढणाऱ्यालाही ठाऊक असते.

पूर्वी असे नव्हते. प्रसंग साजरा करणारी नाणी फार जुनी आहेत. इ. स. पू. ४४ मध्ये सीझरचा वध झाल्यावर ब्रूटसने काढलेल्या चांदीच्या दिनारांवर दोन खंजीर आणि त्यांच्यामध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आहे. समुद्रगुप्ताच्या अश्वमेध प्रकारच्या सुवर्णनाण्यांवर यूपासमोर, म्हणजे यज्ञाच्या खांबासमोर, यज्ञाचा घोडा उभा आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाशी ज्यांचे नाते सांगितले जाते, ते शिवराई होन आपल्याला माहीत आहेतच. ही नाणी प्रसंगाची आठवण सांगत असत, पण ती नाणी म्हणूनच जगत : खर्च होत, झिजत, पुरली जात, आणि कितीतरी वेळा मुशीत आटवली जात. म्हणूनच त्यांपैकी जी हाती लागतात, ती इतकी मोलाची ठरतात. आठवणीसाठी काढलेले नाणे मौल्यवान झाले ते त्याच्या बाकीच्या भावंडांना लोक विसरले म्हणून, हे ध्यानात यायला मला बराच वेळ लागला.

जपण्यासाठीच नाणे पाडायचे, ही रीत त्यामानाने नवी. तिचे मूळ ‘प्रूफ’ या शब्दात आहे. साचा नीट कोरला गेला आहे की नाही, हे तपासण्यासाठी आधी काळजीपूर्वक जे नाणे पाडून पाहत, ते प्रूफ. पुढे हीच काळजी विक्रीची वस्तू झाली. चकाकी दिलेली कोरी चकती घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या साच्यांत ठेवून तिच्यावर एकाहून अधिक दाब दिले जातात. त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी उतरते आणि चित्र तिच्यावर मंद, दुधाळ रंगाचे दिसते. ब्रिटनमध्ये १८३१ साली चौथ्या विल्यमच्या राज्यारोहणाच्या समारंभानिमित्त असा संच निघाला, आणि १८३९ च्या संचात विल्यम वायनने कोरलेले पाच पौंडांचे ‘ऊना आणि सिंह’ हे नाणे होते, जे पाहताना आजही संग्राहकाचा श्वास अडतो. ती नाणी थोडी होती आणि थोड्यांसाठीच होती. सर्वांसाठी संच ही कल्पना त्यानंतर पुष्कळ काळाने रुजली.

संचाची ओढ नाण्याच्या ओढीहून वेगळी असते. सुटे नाणे आवडले तर माणूस घेतो, नाहीतर पुढे जातो. संचात मात्र एक खाच रिकामी असली की भरलेल्या सगळ्या खाचा मिळून तिच्याकडेच बोट दाखवतात. मामांच्या म्युनिकच्या पेटीत सहाच रचना आहेत, पण प्रत्येक रचना जर्मनीच्या चार टांकसाळींत पाडली गेली आणि प्रत्येकीने आपले अक्षर उमटवले : म्युनिकचे डी, स्टुटगार्टचे एफ, कार्ल्सरूचे जी आणि हॅम्बुर्गचे जे. एक लहानसे अक्षर बदलले की सहाचे चोवीस होतात. त्या सहांतल्या दोन रचना तर जवळजवळ सारख्याच आहेत. पहिल्या नाण्यावर खेळ ‘जर्मनीत’ होणार असे लिहिले होते. पूर्व जर्मनीने त्याला हरकत घेतली, आणि पुढची नाणी ‘म्युनिकमध्ये’ असा शब्द घालून काढली गेली. दोन जर्मनींमधले एका पिढीचे वैर त्या एका शब्दात उमटले आहे. ही दोन नाणी शेजारी ठेवून पाहिली की संच का जमवावा, याचे उत्तर मला मिळते, आणि त्या उत्तरात पैशाचा संबंध येत नाही.

पैशाचा संबंध जिथे येतो, तिथे अमेरिकेचा इतिहास वाचावा. कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षे झाली, तेव्हा शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी १८९२ आणि १८९३ या दोन वर्षांत अर्ध्या डॉलरचे पहिले अमेरिकी स्मारक नाणे निघाले आणि ते एका डॉलरला, म्हणजे दर्शनी मूल्याच्या दुप्पट रकमेला विकायला ठेवले गेले. अपेक्षेइतकी विक्री झाली नाही. लाखो नाणी आटवली गेली आणि उरलेल्यांतली पुष्कळशी अर्ध्या डॉलरलाच व्यवहारात सोडली गेली. म्हणजे ज्यांनी आठवण म्हणून दुप्पट पैसे मोजले, त्यांच्या हातातले नाणे काही काळाने कुणाच्याही खिशातल्या खुर्द्यात सापडू लागले.

त्यानंतर १९३० च्या दशकात याच अर्ध्या डॉलरच्या स्मारक नाण्यांची लाट आली. अमेरिकेच्या सीमाप्रदेशात वाटा शोधणाऱ्या डॅनियल बून याच्या जन्माच्या द्विशताब्दीचे नाणे वर्षानुवर्षे निघत राहिले आणि १९३५ मध्ये त्याच्या एका लहानशा बदलाची जेमतेम दोन-दोन हजार नाणी दोन टांकसाळींनी पाडली. सामान्य संग्राहकांनी मागणी नोंदवायच्या आतच ती संपली. १९३६ मध्ये सिनसिनाटी शहर ‘संगीताचे केंद्र’ झाल्याला पन्नास वर्षे झाली म्हणून तीन टांकसाळींच्या तीन नाण्यांचे ५,००० संच निघाले. १८८६ साली त्या शहरात संगीताचे असे काय घडले होते, याचे पटण्यासारखे उत्तर कुणाकडे नव्हते. मोजके संच, तीन टांकसाळी आणि साजरे करायला कुठलाही प्रसंग : सट्ट्याला लागणारे सगळे साहित्य तयार होते. भाव भराभर चढले आणि थोड्याच काळात कोसळले. लोक इतके वैतागले की १९३९ मध्ये वर्षामागून वर्षे चाललेल्या या मालिका कायद्याने बंद करण्यात आल्या, आणि १९५४ नंतर १९८२ पर्यंत अमेरिकेत एकही नवे स्मारक नाणे निघाले नाही. सिनसिनाटीच्या त्या संचाचे मला मनापासून वाईट वाटते. नाणे देखणे आहे, कारागिरी चांगली आहे, पण ते पाहताना कुठलाच प्रसंग आठवत नाही; आठवते ती फक्त हाव.

याच्या उलट टोकाला १९६५ चे चर्चिल क्राउन आहे. चर्चिल वारल्यानंतर ब्रिटनने तांबे आणि निकेलच्या मिश्रधातूत हे पाच शिलिंगांचे नाणे काढले. प्रसंग खरा होता, भावना खरी होती, आणि घरोघर लोकांनी ते नाणे कपाटात नीट ठेवले. पाडलेली संख्या १ कोटी ९६ लाखांच्या वर गेली होती. इतक्या नाण्यांपैकी बहुतेक सगळी आजही शाबूत आहेत, कारण ती कुणीच खर्च केली नाहीत. ज्यांनी ती पुढे मोल येईल म्हणून ठेवली होती, त्यांच्या नातवंडांच्या हाती आज चांगल्या स्थितीतले आणि जवळजवळ काहीच न मिळवून देणारे नाणे आले आहे.

मग मोल कुणाला आले? २००९ मध्ये ब्रिटनच्याच टांकसाळीने क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाच्या २५० व्या वर्षानिमित्त ५० पेन्सचे नाणे काढले. त्याच्यावर तिथला पॅगोडा आहे. त्यातली २,१०,००० नाणी व्यवहारात सोडली गेली. ती लोकांच्या हातांतून साध्या सुट्ट्या पैशांसारखी फिरली, आणि ती इतकी कमी आहेत हे काही वर्षांनी सर्वतोमुखी झाले, तेव्हा दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट देऊन लोक ती शोधू लागले. तोवर त्यांतली पुष्कळशी झिजली होती. २०१९ मध्ये ५० पेन्सच्या नाण्याला पन्नास वर्षे झाली म्हणून तीच रचना नव्या सालाने संचात पुन्हा आली. ती सुंदर आहे, पण शोध घेतला जातो तो आजही २००९ च्याच नाण्याचा.

अमेरिकेतच याहून बोलका दाखला आहे, आणि गुंतवणूक म्हणून संच घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी तो आवर्जून सांगते. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकसाठी दोन वर्षांत १६ रचना प्रूफ आणि साध्या चकाकीच्या अशा दोन-दोन प्रकारांत, म्हणजे एकूण ३२ नाणी काढली गेली. संग्राहक थकले. सगळे घेणे परवडेना, आणि अर्धवट घेण्यात मन लागेना, म्हणून पुष्कळांनी काहीच घेतले नाही. परिणामी १९९६ मधल्या चांदीच्या डॉलरांपैकी टेनिस, उंच उडी, पॅरालिम्पिक या विषयांची साध्या चकाकीची नाणी प्रत्येकी केवळ १४ ते १६ हजारांच्या घरात खपली. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सन यांच्या पदार्पणाच्या पन्नाशीचे पाच डॉलरचे सोन्याचे नाणे आले. परवानगी एक लाखापर्यंत होती; साध्या चकाकीची विकली गेली ५,१७४. बाजाराला कंटाळा आला होता आणि त्या कंटाळ्यात एका थोर माणसाचे नाणे लोकांनी तसेच सोडून दिले. आज आधुनिक अमेरिकी स्मारक नाण्यांत सर्वाधिक शोधल्या जाणाऱ्यांत त्याची गणना होते आणि त्याला आतल्या सोन्याहून बरेच अधिक मोल मिळत आले आहे.

या एका नाण्यामुळे मी जाहिरातीतला ‘मर्यादित संख्या’ हा शब्द वेगळ्या नजरेने वाचायला शिकले. संख्या दोन असतात. एक परवानगीची, जी विक्रीच्या आधी जाहीर होते. दुसरी प्रत्यक्ष विकल्या गेलेल्यांची, जी सगळे संपल्यावर कळते. पहिली संख्या मोहात पाडते आणि मोल ठरवते दुसरी. घाईने सगळे विकले गेले, तर ‘मर्यादित’ असूनही प्रत्येक नाणे कुणाच्या ना कुणाच्या कपाटात नीट असते आणि सगळे एकाच वेळी विकायला बाहेर येण्याची शक्यता असते. याला अपवाद आहेत, हेही सांगायला हवे. मोनॅकोने २००७ मध्ये आपल्या राजघराण्यात सून म्हणून आलेल्या अभिनेत्री ग्रेस केली यांच्या पंचविसाव्या स्मृतिवर्षानिमित्त दोन युरोची फक्त २०,००१ नाणी काढली आणि ती दुर्मीळ असणार, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असूनही त्यांचा भाव टिकला. कारण दोन युरोची सगळी स्मारक नाणी जमवणारे लोक युरोपभर आहेत, आणि त्यांच्या संचातली ती एक खाच या नाण्याखेरीज दुसऱ्या कशानेही भरत नाही. तिथे विस्मरण नव्हते, पण मागणी मात्र त्या नाण्याच्या कितीतरी आधीपासून तयार होती.

मॉन्ट्रियलच्या पेटीला असले नशीब लाभले नाही. पाच आणि दहा डॉलरची ही नाणी सात मालिकांत निघाली, प्रत्येक मालिकेत चार. चांदीचे प्रमाण हजारी ९२५. दहा डॉलरच्या नाण्याचे वजन ४८.६ ग्रॅम, म्हणजे त्यात सुमारे ४५ ग्रॅम शुद्ध चांदी; पाच डॉलरच्या नाण्यात त्याच्या निम्मी. मामांनी वहीच्या शेवटच्या पानावर पूर्ण संचाची बेरीज केली आहे : साधारण ९४४ ग्रॅम शुद्ध चांदी. संच फार मोठ्या संख्येने निघाला, लोकांनी तो जपला, आणि त्यामुळे आजही त्याचा भाव बहुतेक वेळा याच बेरजेभोवती फिरतो. ज्याला चांदीच ठेवायची आहे, त्याच्यासाठी ही वाईट वस्तू नाही. वजन आणि कस शासनाच्या शिक्क्याने ठरलेला असतो. मात्र तेव्हा आपण स्मारक घेत नसून धातू घेत आहोत, एवढे ज्याने त्याने स्वतःशी स्पष्ट ठेवावे.

‘अपेक्षा’च्या रकान्यातला सर्वांत मोठा आकडा १९८० च्या जानेवारीतला आहे. त्या महिन्यात अमेरिकेतल्या धनाढ्य हंट बंधूंच्या चांदीच्या प्रचंड खरेदीच्या काळात चांदी एका ट्रॉय औंसाला ५० डॉलरच्या आसपास जाऊन पोहोचली होती, आणि २७ मार्चला भाव कोसळला. मामांनी तेव्हा विकले नाही. त्यापुढचा आकडा त्याच वर्षीचा आहे आणि तो निम्म्याहूनही कमी आहे. तिथे पेन्सिल कागदावर जोराने टेकलेली दिसते. त्या तेजीत असंख्य चांदीची नाणी मुशीत गेली, स्मारक आणि साधी असा भेद न करता. मला मामांच्या न विकण्याचा हिशेब अजून लागलेला नाही. व्यवहार म्हणून ती चूक होती असेच मला वाटते, आणि तरीही ती पेटी उघडताना ती चूक झाली याचे मला समाधान आहे.

दर्जाच्या आकड्यांबद्दल थोडक्यात सांगते. नाण्याची स्थिती १ ते ७० या मोजपट्टीवर सांगण्याची पद्धत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात नाणी तपासून सीलबंद करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्यावर ती सगळीकडे पसरली. जुन्या, झिजलेल्या, संशयास्पद नाण्यांसाठी अशी तपासणी मोलाची आहे. आजच्या प्रूफ नाण्यांत मात्र बहुतेक सगळी ६९ किंवा ७० च असतात, आणि त्या एका अंकासाठी दुप्पट-तिप्पट पैसे द्यावेत, असे मला कधी वाटले नाही. तो फरक माझ्या डोळ्यांना भिंगातूनही दिसत नाही.

माझे स्वतःचे नुकसान भावाने कमी आणि हातांनी जास्त केले. सुरुवातीच्या वर्षांत मी एक चांदीचे प्रूफ नाणे मऊ कापडाने हलकेच पुसले. काळसर डाग जावा एवढाच हेतू होता. डाग गेला, आणि आरशावर केसासारख्या बारीक रेघांचे जाळे उमटले, जे प्रकाशात नाणे तिरपे धरले की लगेच दिसते. चांदीवरचा तो काळेपणा गंधकामुळे येतो आणि तो पुष्कळदा नाण्याचे नुकसान करत नाही. पुसणे मात्र करते, आणि ते कायमचे असते. दुसऱ्यांदा मी डझनभर नाणी मऊ प्लॅस्टिकच्या पानांच्या अल्बममध्ये ठेवली. पीव्हीसी या प्रकारचे ते प्लॅस्टिक कालांतराने विघटित होऊन धातूवर हिरवा, चिकट थर सोडते, हे मला त्यावेळी ठाऊक नव्हते. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये न घासता बुडवून काही नाणी वाचली. तांबे-निकेलच्या तीन नाण्यांचा पृष्ठभाग खाल्ला गेला होता. आता सगळी नाणी कडक, निर्धोक प्लॅस्टिकच्या गोल डब्यांत आहेत, कडेला धरूनच उचलते, आणि टांकसाळीची मूळ पेटी व प्रमाणपत्र कधीही वेगळे करत नाही. संच विकायला गेल्यावर घेणारा आधी तेच मागतो.

विकणे ही या छंदातली सर्वांत कमी बोलली जाणारी बाजू आहे. टांकसाळीची किंमत धातू, कारागिरी, पेटी आणि नफा मिळून ठरते, पण परत घेणारा यातला बहुधा पहिलाच घटक मोजतो. व्यापारी घेताना एक भाव सांगतो आणि देताना दुसरा, लिलावात दोन्ही बाजूंनी दलाली जाते, आणि या दोन्हींमधले अंतर भरून निघण्याइतका भाव वाढायला कित्येकदा दशके जातात. म्हणून मी गेल्या काही वर्षांत नवे संच जवळजवळ थांबवले आहेत. त्याऐवजी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे, ज्यांच्या प्रत्यक्ष विक्रीचे आकडे आता ठरून गेले आहेत आणि ज्यांच्या प्रसंगाबद्दल मला खरोखर काही वाटते, असे शोधते. ते बहुतेकदा मूळ किमतीहून स्वस्त मिळतात.

मामांच्या वहीतला ‘अपेक्षा’चा रकाना मी पुढे भरलेला नाही. त्याऐवजी वरच्या पेटीत एक चिठ्ठी ठेवली आहे, माझ्यानंतर पेट्या उघडणाऱ्यांसाठी. मॉन्ट्रियलची नाणी चांदीच्या भावाने मोजावीत, पण गरज नसेल तर एकत्रच ठेवावीत. म्युनिकची नाणी अक्षरांनुसार लावली आहेत, ती विस्कटू नयेत. ज्या तीन डब्यांवर पेन्सिलीने खूण केली आहे, ती नाणी जाणकाराला दाखवल्याशिवाय देऊ नयेत. काहीही पुसू नये. आणि सगळ्यांत वर कापडाच्या पिशवीत जे चर्चिलचे नाणे आहे, ते मुलांच्या हातात द्यावे. त्याला बोटे लावायला, ते टेबलावर वाजवायला, खाली पाडायला काही हरकत नाही.